पबकेम: चित्र छान आहे, पण आधी खालचे आकडे वाचा

पुस्तकात काढलेलं स्ट्रक्चर आणि बाटलीवर लिहिलेलं नाव एकाच पदार्थाचं आहे का, एवढंच तपासायचं असेल तर पबकेमसारखी फुकट जागा दुसरी नाही. रचनासूत्र वाचायला मात्र तिथेच शिकायचं असेल, तर थोडं जपून. पान उघडताच मोठं दिसणारं चित्र बऱ्याचदा अर्धीच गोष्ट सांगतं, उरलेली अर्धी खाली आकड्यांच्या तक्त्यात असते आणि तिथपर्यंत फार कुणी उतरत नाही.

पबकेम म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संस्थेतल्या एनसीबीआय विभागाचा रासायनिक माहितीसाठा. २००४ साली सुरू झाला, आज त्यात ११ कोटींहून जास्त संयुगं आहेत. खातं उघडावं लागत नाही, पैसे नाहीत. सगळं इंग्रजीत आहे, पण अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या मुलांना त्याची सवय असतेच. प्रत्येक संयुगाला सीआयडी नावाचा क्रमांक मिळतो. ॲस्पिरिनचा २२४४, कॅफिनचा २५१९. वहीत नावाशेजारी हा क्रमांक लिहून ठेवावा, कारण नावं दहा असतात आणि स्पेलिंगं वीस. पुरवठादारांनी जसंच्या तसं पाठवलेल्या नोंदीला मात्र एसआयडी असतो. ते पान वेगळं आणि त्यातलं स्ट्रक्चर तपासून एकसारखं केलेलं नसतं. शोधात दोन्ही समोर आली तर सीआयडीचंच पान उघडायचं.

सुरुवात ॲस्पिरिनपासून करा. चित्रात एक षटकोन आणि त्याच्या शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांवर एकेक शेपटी. प्रत्येक कोपरा कार्बन, आणि रेषेचं मोकळं टोकही कार्बनच. वलयात ६ कार्बन. एका शेपटीत एक कार्बन, त्याला दुहेरी बंधाने एक ऑक्सिजन आणि एकेरी बंधाने ओएच. दुसऱ्या शेपटीत आधी ऑक्सिजन, मग दुहेरी ऑक्सिजनवाला कार्बन, मग मोकळं टोक म्हणजे मिथाइल. कार्बन ९, ऑक्सिजन ४. कार्बनवरचे हायड्रोजन दिसत नाहीत, ते कार्बनच्या चारच्या संयुजेवरून मोजायचे. वलयातल्या ज्या चार कोपऱ्यांना शेपटी नाही, त्यांचे तीन बंध दिसतात (एक दुहेरी, एक एकेरी), म्हणून प्रत्येकी १. मिथाइलच्या टोकाला एकच बंध दिसतो, म्हणून ३. ओएचचा १. एकूण ८. सूत्र सी९एच८ओ४, पानावरही तेच.

आता उलट बाजूने ताळा. कार्बनची दुप्पट अधिक २, त्यातून हायड्रोजन वजा, उरलेल्याचं निम्मं म्हणजे वलयं आणि दुहेरी बंध मिळून किती तो आकडा. निम्मं करण्याआधी नायट्रोजन असेल तर प्रत्येकी १ मिळवा, क्लोरीन-ब्रोमीन असेल तर प्रत्येकी १ वजा करा, ऑक्सिजनकडे बघूच नका. ॲस्पिरिनला १८ अधिक २ वजा ८ म्हणजे १२, निम्मे ६. चित्रात एक वलय, वलयातले तीन दुहेरी बंध आणि दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध, मिळून सहा. जुळलं. जुळलं नाही तर नव्वद टक्के वेळा मिथाइलचं मोकळं टोक मोजायचं राहिलेलं असतं.

पबकेमची एक लकब इथेच नवख्याला अडवते. आपल्या पुस्तकांत ओएच जोडून छापतात. पबकेम ऑक्सिजन-नायट्रोजनवरचा हायड्रोजन वेगळा काढतं, मध्ये छोटी रेषा देऊन. त्या रेषेचं टोक कार्बन समजून मुलं एक कार्बन वाढवतात. टोकाला अक्षर असेल तर तिथे तोच अणू, अक्षर नसेल तरच कार्बन. बेंझिनच्या पोटातलं वर्तुळही इथे शोधू नका, वलयात आलटून पालटून दुहेरी बंधच दिसतील. आणि चित्र पुस्तकापेक्षा फिरवलेलं किंवा पालथं असलं म्हणून संयुग बदलत नाही. वेज-डॅश (बंध पुढे की मागे ते दाखवणारी भरीव आणि तुटक पाचर) नसलेल्या चित्रात, दुहेरी बंधांचं सिस-ट्रान्स सोडलं तर, फक्त कोण कुणाला जोडलंय एवढंच पाहायचं.

सूत्राचा क्रमही खटकेल. पबकेम हिल पद्धत वापरतं: कार्बन आधी, हायड्रोजन नंतर, बाकी सगळे इंग्रजी वर्णक्रमाने, आणि कार्बन नसेल तर सगळेच वर्णक्रमाने. त्यामुळे सल्फ्युरिक ॲसिड एच२ओ४एस होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट सीसीएओ३. ओळखीच्या काही क्षारांसाठी नेहमीचं सूत्रही सोबत दिलेलं असतं, पण ते सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका.

आता तो खालचा तक्ता. रासायनिक व भौतिक गुणधर्मांच्या विभागात गणिताने काढलेल्या गुणधर्मांची यादी आहे. तिच्या तळाशी चार गोष्टी वाचल्याशिवाय पान बंद करायचं नाही: निश्चित केलेली अणू-स्टिरिओकेंद्रं (ज्या अणूभोवती गटांची मांडणी डावी किंवा उजवी अशी दोन तऱ्हांनी होऊ शकते) किती, अनिश्चित किती, दुहेरी बंधांची तीच मोजणी, आणि सहसंयुज बंधांनी जोडलेले सुटे तुकडे किती.

आयब्युप्रोफेन शोधा. सीआयडी ३६७२ येईल आणि अनिश्चित केंद्रांपुढे १ दिसेल. म्हणजे हे पान आरसा-प्रतिमांच्या जोडीबद्दल आहे, हात (डावा की उजवा) ठरवलेला नाही. गोळीत बहुधा असतं तेही असंच मिश्रण, त्यामुळे नोंद चुकीची नाही. एस-आयब्युप्रोफेन हवं असेल तर पान वेगळं, ३९९१२. मेंथॉलचंही तसंच. १२५४ मध्ये तिन्ही केंद्रं मोकळी आहेत, म्हणजे कागदावर आठ वेगवेगळे रेणू एकाच चित्राखाली. पुदिन्याचा थंडावा देणारा नेहमीचा लेव्हो-मेंथॉल १६६६६ वर आहे. पहिल्या पानाचं चित्र उचलून त्याखाली पुदिन्यातला मेंथॉल असं लिहिलं तर परीक्षक लाल शाई वापरणारच.

ग्लुकोजचा गोंधळ याहून मोठा. पुस्तकात आधी उभी साखळी शिकवतात, वर अल्डिहाइड, खाली एकेक ओएच डावी-उजवीकडे. पबकेमवर डी-ग्लुकोज म्हटलं की ५७९३ येतं आणि तिथे सहा जणांचं वलय. वलयातली चार केंद्रं ठरलेली, पाचवं (ॲनोमेरिक) मोकळं. अल्फा हवा तर ७९०२५, बीटा हवा तर ६४६८९, उघडी साखळीच हवी तर १०७५२६. चारही पानांवर सूत्र सी६एच१२ओ६. फ्रुक्टोज, गॅलेक्टोज, इनोसिटॉल यांचंही सूत्र हेच, म्हणून नुसत्या सूत्राने शोधलंत तर हाती मोठा ढीग लागतो आणि त्यातून निवड तुम्हालाच करायची असते. याच पानावर रेणुभारही बघा: ग्लुकोज १८०.१६, ॲस्पिरिनही १८०.१६! फरक दिसतो तो खालच्या अचूक वस्तुमानात, १८०.०६३४ आणि १८०.०४२३. वजन करायचं असेल तर पहिला आकडा, मास स्पेक्ट्रोमीटरची शिखरं वाचायची असतील तर दुसरा. प्रयोगवहीत या दोन आकड्यांची अदलाबदल फार होते.

वेज-डॅशबद्दल दोन गोष्टी. टोकदार बाजू ज्या अणूवर टेकते, माहिती त्या अणूची. रुंद बाजूच्या अणूबद्दल ती काहीही सांगत नाही. दुसरं, पबकेम काही ठिकाणी केंद्रावरचा हायड्रोजनही काढतं आणि वेज त्यालाच देतं, जिथे पुस्तकाने तो ओएचला दिलेला असतो. आर-एस (केंद्राचा हात सांगणारी अक्षरं) ठरवताना हायड्रोजन मागे (तुटक रेघांचा वेज) असेल तर उरलेल्या तिघांचा क्रम समोरून दिसतो तसा मोजा. हायड्रोजन पुढे (भरीव वेज) असेल तर मोजून आलेलं उत्तर उलटं करा. दोन चित्रं वेगळी दिसली तरी उत्तर एकच आलं म्हणजे केंद्र तेच.

एवढा खटाटोप नको असेल तर नावांच्या विभागात इंची-की आहे. २७ खुणांची ही ओळख तीन तुकड्यांत असते: १४ अक्षरं, १० अक्षरं, १ अक्षर. पहिल्या चौदांत रेणूचा सांगाडा, दुसऱ्या तुकड्यात स्टिरिओ. दोन पानांची पहिली चौदा अक्षरं सारखी आणि पुढची दहा वेगळी असतील तर जोडणी एकच, फरक हाताचा, सिस-ट्रान्सचा किंवा समस्थानिकांचा. दुसरा तुकडा यूएचएफएफएफएओवायएसए असा आला तर त्या नोंदीत स्टिरिओची माहितीच नाही. ॲस्पिरिनच्या पानावर हाच तुकडा आहे आणि तिथे तो बरोबरच आहे, कारण ॲस्पिरिनला असं केंद्रच नाही.

पबकेमचं चित्र कुठे तोकडं पडतं ते हळदीवरून नीट कळतं. कर्क्युमिन, सीआयडी ९६९५१६, सूत्र सी२१एच२०ओ६. चित्रात दोन बाजूंना दोन वलयं, मधल्या सात कार्बनांच्या साखळीत दोन कार्बन-कार्बन दुहेरी बंध आणि दोन कीटोन. दोन कीटोनांच्या मधोमध एक साधा सीएच२. ताळा घ्या: ४२ अधिक २ वजा २० म्हणजे २४, निम्मे १२. दोन वलयं, त्यांतले सहा दुहेरी बंध, साखळीतले दोन, कीटोनांचे दोन. बारा. हिशोब चोख.

पण या चित्राकडे बघून कर्क्युमिन एवढा पिवळाधमक का, ते सांगता येत नाही. मधल्या सीएच२पाशी एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी तुटते. खरा कर्क्युमिन स्फटिकात आणि बहुतेक द्रावणांत ईनॉल रूपात असतो. त्या सीएच२मधला एक हायड्रोजन शेजारच्या कीटोनच्या ऑक्सिजनवर जातो, मधे नवा दुहेरी बंध येतो आणि एका वलयापासून दुसऱ्या वलयापर्यंत सलग साखळी तयार होते. रंग त्या सलग साखळीचा. सूत्र तेच राहतं, ताळाही तोच येतो, म्हणून चूक कुठेच पकडली जात नाही. पबकेम नियमाने एक रूप निवडतं आणि तेच सगळीकडे दाखवतं. ते नोंद ठेवायला सोयीचं आहे, शिकवायला नाही. शिवाय पानावरची हायड्रोजन-बंध देणाऱ्यांची संख्या याच चित्रावरून मोजलेली आहे, २. ईनॉल काढलं तर ती ३ होईल. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रकल्पात हे आकडे थेट उचलणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. (हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, तोही आम्लारीत वलयांवरच्या फिनॉलिक ओएचचे हायड्रोजन सुटण्याचा खेळ. स्थिर चित्रात तो दिसणार नाहीच.)

क्षारांचं वाचन तक्त्यातल्या सुट्या तुकड्यांच्या ओळीवर अवलंबून. मेटफॉर्मिन, ४०९१, सूत्र सी४एच११एन५, रेणुभार १२९.१६. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, १४२१९, १६५.६२, सुटे तुकडे २. चित्रात मेटफॉर्मिनशेजारी एचसीएल वेगळं तरंगताना दिसतं. छपाईची चूक वाटून काही जण ते खोडून टाकतात आणि रेणुभार मात्र १६५.६२ च ठेवतात. ५०० मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइडात मूळ मेटफॉर्मिन सुमारे ३९० मिलिग्रॅम असतं. खोडलेल्या त्या तुकड्याची किंमत एवढी.

थ्रीडी चित्राचं कौतुक सगळेच करतात, आणि फिरवून बघायला ते खरंच सुरेख आहे. गोळे-काड्या, नुसत्या काड्या, पूर्ण फुगवलेले गोळे असे पर्याय आहेत, हायड्रोजन लपवता येतात. कार्बन करडा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळं. सपाट षटकोन म्हणून डोक्यात बसलेलं सायक्लोहेक्झेन खुर्चीसारखं का दिसतं, ते अर्ध्या मिनिटात कळतं. पण हा आकार मोजलेला नाही, गणिताने काढलेला आहे, आणि अनेक शक्य आकारांपैकी एक आहे. याहून मोठी गोम आयब्युप्रोफेनच्या पानावर: वर अनिश्चित केंद्र १ लिहिलेलं असताना थ्रीडी चित्राला एक हात निवडावाच लागतो आणि ते तो गुपचूप निवडतं. त्या चित्रावरून आर की एस ठरवत बसलात तर उत्तर निघेल, पण त्याला काडीचा अर्थ नसेल. थ्रीडी सगळ्यांना मिळतही नाही. हायड्रोजन सोडून ५० पेक्षा जास्त अणू असतील, १५ पेक्षा जास्त फिरते बंध असतील किंवा रेणू सुट्या तुकड्यांचा क्षार असेल तर ती खिडकी रिकामी राहते. क्षाराच्या बाबतीत मूळ संयुगाच्या पानावर जाऊन बघायचं.

धातूंच्या संयुगांसाठी मात्र पबकेम चक्क कामाचं नाही. सिस्प्लॅटिनचं नावच सिस, सगळी कथा त्या सिसमध्ये. नोंदीत मात्र अमोनियाचे दोन रेणू सुटे आणि प्लॅटिनमला दोन क्लोरीन, संगणकाने दिलेलं नाव अझेन, डायक्लोरोप्लॅटिनम. चौरस सपाट रचना नाही, सिस-ट्रान्स नाही. बीएस्सीच्या को-ऑर्डिनेशन केमिस्ट्रीला इथून चित्रं घेऊ नका.

नावांच्या यादीत दोन पेट्या असतात. मेश या वैद्यकीय शब्दसूचीतली नावं नीट पारखलेली, तर पुरवठादारांनी दिलेली समानार्थी नावं म्हणजे बाजारातली गर्दी. त्या गर्दीत शेजारच्या समघटकाचं नाव किंवा कॅस क्रमांक (रसायनांचा नोंदणी क्रमांक) घुसलेला सापडू शकतो. कॅस क्रमांक टंकताना चुकला का, ते बोटांवर तपासता येतं. ॲस्पिरिनचा ५०-७८-२. शेवटचा अंक ताळ्याचा, तो बाजूला ठेवा. उरलेले उजवीकडून डावीकडे १, २, ३, ४ ने गुणा: ८, १४, ०, २०. बेरीज ४२, शेवटचा अंक २. जुळला. यावरून क्रमांक नीट लिहिलाय एवढंच कळतं, तो त्याच समघटकाचा आहे की नाही ते इंची-कीवरूनच ठरवावं लागतं.

स्वतः काढलेलं स्ट्रक्चर शोधायची सोयही चांगली आहे. मुखपृष्ठावरच्या ड्रॉ स्ट्रक्चर बटनावर वलयं आणि बंध निवडून काढा, किंवा वरच्या पेटीत स्माइल्स (रचना एका ओळीत अक्षरांनी लिहायची पद्धत) लिहा. इथेनॉलला नुसतं सीसीओ पुरतं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. स्माइल्समध्ये लहान सी म्हणजे सुगंधी (ॲरोमॅटिक) वलयातला कार्बन, त्यामुळे कॅप्स लॉककडे दुर्लक्ष केलं की बेंझिन मागून सायक्लोहेक्झेन येतं. निकालात तंतोतंत जुळणारे, मिळतेजुळते आणि तुमचा तुकडा पोटात असलेले असे वेगळे कप्पे मिळतात. नायट्रो गट तुम्ही पुस्तकाप्रमाणे पाच बंधांच्या नायट्रोजनने काढला तरी पबकेम तो धन-ऋण भारांच्या रूपात दाखवेल. घाबरू नका, तेच बरोबर आहे.

चित्र उतरवून घेतलंत तर ते लहान येतं, छापील प्रबंधात अक्षरं फुटतात. त्यापेक्षा एसडीएफ (रचना साठवणारी) फाइल घ्या आणि केमस्केचसारख्या फुकट कार्यक्रमात उघडून पुन्हा काढा. प्रोग्रॅम लिहून शेकडो संयुगं ओढणार असाल तर सेकंदाला पाचपेक्षा जास्त विनंत्या पाठवायच्या नाहीत, पलीकडून दार बंद होतं.

ज्यांना वेज-डॅश पडद्यावर कितीही फिरवून उमगत नाही, त्यांनी प्लॅस्टिकचा गोळे-काड्यांचा संच घ्यावाच. केंद्राची दोन मॉडेलं करून एकावर दुसरं ठेवून बघण्याची सर कुठल्याही पडद्याला नाही. घेण्याआधी भोकं मोजा. काळ्या कार्बनला चार भोकं चौफलकाच्या कोनांत हवीत, सपाट चौकोनात नकोत. निळ्या नायट्रोजनला तीनच भोकं असतील तर अमोनियम आणि नायट्रो गट जमणार नाहीत, चार भोकांचे एकदोन तरी असावेत. दुहेरी बंधाच्या लांब काड्या वाकणाऱ्या हव्यात, कडक असल्या तर दोन-तीनदा वाकवल्यावर तुटतात. आणि चार वेगवेगळ्या रंगांचे एकभोकी गोळे आहेत ना, ते आधी बघा, कारण हात दाखवायला चार गट चार रंगांचे लागतात आणि स्वस्त संचात नुसते पांढरेच भरून दिलेले असतात.